अजस्रची एकेचाळीस पावलं

अजस्र उडत नाही, ही त्याच्याबद्दलची पहिली गोष्ट. बाकीच्या सुपरहिरोंना पंख असतात, दोऱ्या असतात, पेटते बूट असतात, काय वाट्टेल ते असतं. आमचा अजस्र फक्त उचलतो आणि चालतो. पूल कोसळला, दिला खांदा. इमारत कलली, लावली पाठ. मग ते सगळं ओझं घेऊन हा बाबा रस्त्यातून चालत निघतो. सिनेमा अडीच तासांचा, त्यातला निम्मा वेळ तो नुसता चालतोय. म्हणून तर तो आमच्या वाट्याला आला.

म्हणजे असं, की पडद्यावर नट चालतो तेव्हा ऐकू येणारी पावलं त्याची नसतात. शूटिंगच्या वेळी पंखे, जनरेटर, शंभर माणसांची खुडबुड, त्यात पावलं कुठली ऐकू येणार? ती नंतर भरायची असतात. आमच्यासारखी माणसं बंद खोलीत पडद्यासमोर बूट घालून उभी राहतात आणि नटाच्या पावलाला पाऊल लावून चालतात. ह्याला फॉली म्हणतात. मी आणि माझा थोरला भाऊ एकतीस वर्षं हेच करतोय. बायकांचे पाय माझे, पुरुषांचे दादाचे. हाड मोडायचं असलं की गाजर मोडायचं, झगा फडकवायचा असला की वहिनीचा जुना रेनकोट. लोकांना सांगितलं की हसतात. हसा बापडे. तुमचा लाडका नायक चिखलात पाय रोवतो तेव्हा तो चिखल मी मळलेला असतो, एवढं ध्यानात ठेवा.

तीन वर्षांपूर्वी ‘अजस्र’चा पहिला भाग आला आणि समीक्षकांनी नायकाला डोक्यावर घेतलं. एकाने लिहिलं, ‘त्याच्या डाव्या पावलात एक निसटता ओढा आहे. जगाचं ओझं वाहणाऱ्या माणसाचा सगळा शीण तिथे ऐकू येतो.’ मी ते कात्रण स्टुडिओच्या दारामागे चिकटवलं आणि आम्ही तिघं पोट धरून हसलो. तिसरा म्हणजे काचेपलीकडे बसणारा आमचा ध्वनिमुद्रक. त्याला आम्ही कानसेन म्हणतो. डास बसला तर कुठल्या भिंतीवर बसला ते सांगेल असे कान.

“दादा,” कानसेन म्हणाला, “बक्षीस तुमच्या गुडघ्याला मिळायला हवं.”

कारण ओढा कसला डोंबलाचा! दादाचा डावा गुडघा लहानपणापासून वाकडा होता. तो लंगडायचा म्हणण्याइतका नाही, पण डावा पाय टेकण्याआधी जरासा घासायचा. टप्, मग स्स-टक. टप्, स्स-टक. इतर सिनेमांत, हलक्या बुटांत, तो ते सफाईने झाकायचा. अजस्रचे बूट मात्र दीड-दीड किलोचे, जुन्या बाजारातून आणलेले. त्यांत कुणाचं काय झाकणार? दिग्दर्शिकाबाईंनी ऐकलं आणि म्हणाल्या, “काढू नका, राहू दे. हाच अजस्र.” त्या दिवशी दादा घरी जाताना शीळ घालत गेला. अट्ठावीस वर्षं तो दुसऱ्यांचे पाय वाजवत आला होता, स्वतःचा पाय लपवून. अजस्रमध्ये पहिल्यांदा तो स्वतःसारखा चालला, आणि लोकांनी त्याला वाहवा म्हटलं. ती नटाच्या नावावर जमा झाली ही गोष्ट वेगळी; त्याचं दादाला काही नव्हतं.

आता तो गुडघा वाकडा कशाने झाला, हे जगात दोनच माणसांना माहीत होतं. मी सात वर्षांची, दादा अकराचा. मला राग आला. मला राग येतो हे एव्हाना तुमच्या लक्षात आलंच असेल, तेव्हाही यायचा. त्या रागात मी पायातली चप्पल काढली आणि शेजारच्या शेडच्या पत्र्यावर भिरकावली. चप्पल नवीकोरी. आता आई सोलून काढणार म्हणून लगेच भोकाड पसरलं. दादा म्हणाला, “गप. आणतो.” भिंतीवरून पत्र्यावर चढला, चप्पल खाली टाकली आणि उतरताना त्याचा पाय सटकला. आईला त्याने सांगितलं, चेंडू काढायला चढलो होतो. मी मूग गिळून बसले. ते हाड काही सरळ बसलं नाही. वर्षभर तो डावा हात माझ्या खांद्यावर टाकून शाळेत यायचा. “तू माझा डावा पाय, लवंगे,” म्हणायचा. लवंगी मिरची, म्हणून लवंगी.

पुढे आम्ही मोठे झालो, आई गेली, आणि त्या चपलेबद्दल आम्ही अवाक्षर बोललो नाही. पण त्याचं पाऊल माझ्या कानात बसलं ते बसलंच. जिन्यात असो, गर्दीत असो, टप्, स्स-टक. प्रत्येक वेळी मला ती चप्पल दिसायची. म्हणून मी दहा वर्षं त्याच्या मागे लागले होते की बाबा रे, ऑपरेशन करून घे. वहिनी म्हणायची, “ताई, बायको मी आहे की तुम्ही? माझ्यापेक्षा जास्त कटकट तुमची.” शेवटी गेल्या वर्षी तो तयार झाला. नवा गुडघा बसला. वहिनी शाळेत कवायत शिकवायची, ती निवृत्त झाली असली तरी तिची शिट्टी निवृत्त झालेली नाही. चार महिने तिने नवऱ्याला शिट्टीवर उठवलं, बसवलं, जिने चढवले. आणि एका दुपारी माझ्या जिन्यात पावलं वाजली. टप्, टप्, टप्, टप्. मला वाटलं मीटर बघायला माणूस आला. दार उघडून म्हटलं, “कोण पाहिजे?” तर समोर दादा! मी तिथेच उंबऱ्यात बसून रडले. त्याला वाटलं आनंदाने रडतेय. आनंदानेच, पण त्यात सेहेचाळीस वर्षांचं बाकीचंही होतं.

आणि मग ‘अजस्र’चा दुसरा भाग आला.

पहिल्या दिवशी आम्ही आख्खा सिनेमा बघतो, पावलांशिवाय. आमची खोली काही फार मोठी नाही. जमिनीत चौकोनी खड्डे केलेत. एकात वाळू, एकात खडी, एकात लाकडी फळ्या, एकात पत्रा. भिंतीला साठ-सत्तर बुटांचे जोड. समोर पडदा. आम्ही दोघं स्टुलांवर चहा घेऊन बसलो. ह्या भागात झंझा, म्हणजे पहिल्या भागातली अजस्रची वैरीण, त्याच्या बाजूने लढते. झंझाचे पाय माझे. काय काम केलंय त्या पोरीने! पाऊल टाकताना आधी अंगठा टेकवते, जमीन खरी आहे का बघतेय अशी. मी मनातल्या मनात बूट निवडायला लागले होते. तेवढ्यात पडद्यावर अजस्र चालत आला आणि दादाचा कप ओठांपाशीच थांबला.

“परत दाखव,” तो म्हणाला.

कानसेनने मागे नेऊन परत दाखवलं. नायक चालत होता. उजवा पाय भक्कम पडत होता आणि डावा टेकण्याआधी जरासा घासत होता. मी दादाकडे बघितलं, दादाने माझ्याकडे.

“अहो, हा तर तुमची नक्कल करतोय!” कानसेन ओरडला. “तुमच्या जुन्या पायाची!”

दादा इतका हसला की चहा सांडला. दिग्दर्शिकाबाईंना फोन लावला तर त्या खुशीत होत्या. त्यांनी सगळी हकिकत सांगितली. नायक म्हणे पहिला भाग थिएटरात बघायला बसला आणि चक्रावला. मी तर असा चाललोच नव्हतो, मग हा पाय घासतोय कोण? दुसऱ्यांदा बघितलं, तिसऱ्यांदा बघितलं. बाईंना म्हणाला, “अजस्रला माझ्यापेक्षा जास्त ओळखणारा कुणीतरी तुमच्याकडे आहे.” मग बुटात खडा घालून सहा महिने सराव केला. नट म्हणून मी त्याला तिथेच शंभर गुण दिले. आपली म्हणून झालेली स्तुती खिशात घालून गप्प बसणारे पुष्कळ असतात. ह्याने ती कमवायची ठरवली.

“आता दादांचं काम सोपं,” बाई म्हणाल्या. “त्यांनी फक्त नेहमीसारखं चालायचं.”

“हो, हो,” दादा म्हणाला आणि फोन ठेवला. त्याचं हसू हळूहळू उतरलं. नेहमीसारखं चालायला आता ‘नेहमीसारखा’ पाय कुठे होता?

त्याने बूट चढवले आणि सुरुवात केली. टप्, टप्. नाही. डावा पाय मुद्दाम घासला. टप्, सर्रर्र-टक. कानसेनने काचेमागून मान हलवली. पुन्हा केलं तर जिन्यावरून पोतं ओढल्यासारखं वाजलं. तुम्ही म्हणाल, स्वतःची चाल स्वतःला येत नाही म्हणजे काय? तर तेच. तो ज्या पायाने चालला, तो पाय त्याने कधी ऐकलाच नव्हता. त्याला फक्त तो दुखायचा. पहिल्या भागातली पावलं कानसेनने कापून चिकटवून पाहिली, पण फळ्यांवर वाजलेले पाय काचांच्या चुऱ्यावर कसे चालतील? तीन दिवस झाले. बाईंना नमुना पाठवला तर त्यांचा फोन आला. बाई वाईट नाहीत, अवघडत बोलत होत्या.

“दादा, राग मानू नका. हा माणूस लंगडल्याचं नाटक करतोय. पडद्यावरचा खरा वाटतो आणि आवाज खोटा. सोमवारपर्यंत बघू या. नाहीतर अजस्रपुरतं मी दुसऱ्या कुणाला तरी बोलावते. बाकी गर्दीचे पाय तुम्हीच करा.”

गर्दीचे पाय! माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की विचारू नका. मी फोन हिसकावणार होते, पण दादाने हात धरला. “बरोबर आहे त्यांचं,” तो म्हणाला. “मलाही खोटंच वाटतंय.”

दोन दिवसांनी वहिनीचा फोन. एरवी तिचा आवाज मैदानाच्या टोकाला जाईल असा, त्या दिवशी दबका. “ताई, या जरा. हे काय करून बसलेत बघा.” गेले तर दादा पलंगावर, नवा गुडघा सुजून भोपळा झालेला. ह्या शहाण्याने बुटात खडा घातला होता, वर गुडघ्याला पट्टा आवळून बांधला होता आणि गच्चीवर तास तास लंगडत होता. डॉक्टरांनी फोनवरच फैलावर घेतलं होतं. पुन्हा असं केलंत तर बसवलेला सांधा हलेल म्हणाले.

“चार महिने घाम गाळला मी ह्यांच्यावर,” वहिनी बर्फाची पिशवी दाबत म्हणाली. “सरळ चालायला. आणि हे निघाले लंगडायला शिकायला. कुणाला सांगावं तरी कसं?”

दादा छताकडे बघत होता. “अजस्र हा एकच माणूस होता गं,” तो म्हणाला, “ज्याच्यासाठी मला पाय लपवावा लागला नाही. तोही चालला आता दुसऱ्याकडे. ऑपरेशन करायलाच नको होतं.”

आधी मी त्याचा पाय मोडला, मग दहा वर्षं कटकट करून तो सरळ करायला लावला, आणि दोन्ही वेळा नुकसान त्याचंच. घरी आले, स्वयंपाकघरात उभी राहिले आणि रडण्याऐवजी चालायला लागले. मला विचार करायचा असला की मी चालते. ओट्यापासून दारापर्यंत, दारापासून ओट्यापर्यंत. तिसऱ्या फेरीला माझं मलाच ऐकू आलं. टप्, स्स-टक. मी थांबले. पुन्हा चालले. टप्, स्स-टक. जशीच्या तशी! शिकावं लागलंच नाही. सेहेचाळीस वर्षं ऐकलेली चाल, ती पायांत उतरून बसली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठलाच मी स्टुडिओत. कानसेन कुलूप उघडत होता. मी अजस्रचे बूट काढले, त्यांत दोन-दोन मोजे कोंबले आणि म्हटलं, “शेवटचं दृश्य लाव.” शेवटच्या दृश्यात अजस्र जखमी झंझाला खांद्यावर घेऊन काचेच्या कारखान्यातून बाहेर पडतो. संवाद नाही, संगीत नाही. एकेचाळीस पावलं, काचांच्या चुऱ्यावरून. झंझा बेशुद्ध, म्हणजे माझ्या पायांना त्या दृश्यात सुट्टीच. मी खड्ड्यात फुटक्या फरश्या आणि जाडं मीठ पसरलं आणि चालले.

झालं तेव्हा कानसेन काचेमागे तसाच बसून होता. “ताई,” तो म्हणाला, “काटा आला अंगावर. दादाच आत आलेत असं वाटलं.”

“दादाच आलेत,” मी म्हटलं. “त्याला सांगायचं, पहिल्या भागातलेच तुकडे तू रात्रभर बसून नीट जुळवलेस. बाईंनाही तेच. कळलं? तोंडातून चकार शब्द काढलास तर बघ.”

“त्यांना कळणार नाही?”

“तू आणि मी नाही सांगितलं तर कसं कळेल?” मी म्हटलं. एकतीस वर्षं पावलांच्या धंद्यात काढलेल्या माणसाला पावलांत फसवायला निघाले होते मी. आहे की नाही अकलेचा कांदा?

दादा दुपारी आला, काठी टेकत. सूज जरा उतरली होती, तोंडही उतरलेलं होतं. कानसेनने शिकवल्याप्रमाणे पोपटपंची केली आणि आवाज लावला. दादा डोळे मिटून ऐकत होता. दहा पावलं झाली, वीस झाली. मी उगाच बुटांच्या फडताळावरची धूळ पुसत होते. एकेचाळीस पावलं संपली.

“चाल माझी आहे,” दादा म्हणाला. “पाय तुझे आहेत.”

“कुणाचे? माझे? काहीतरीच काय!”

“लवंगे.”

तो उठला, काठी घेतली आणि बाहेर गेला. मी मागोमाग. स्टुडिओच्या मागच्या जिन्यावर, तिसऱ्या पायरीवर, तो बसला होता. मी शेजारी बसले आणि इतक्या वर्षांचं एकदम बाहेर पडलं. “दादा, मी तुझी जागा घेत नव्हते रे. देवाशपथ. तुझं काम जाऊ नये म्हणून केलं. मीच तुझा पाय मोडला. ती चप्पल मीच फेकली आणि आईला सांगायची माझी हिंमत झाली नाही. तुझं पाऊल ऐकलं की दर वेळी मला तेच आठवायचं, दर वेळी. आता परत मीच तुला ऑपरेशनला ढकललं आणि तुझा अजस्रही घालवला. मला शिव्या दे, पण गप्प बसू नकोस.”

दादाने काठी पायरीला टेकवून ठेवली. मग म्हणाला, “एवढं ऐकत होतीस तू?”

“मग?”

“मला वाटायचं, मी चालतोय ते कुणाच्या लक्षातही येत नाही.” त्याने नाक ओढलं. मला वाटलं आता हा रडणार, तर हा पठ्ठ्या एकदम कामावर आला. “पण चुकलंयस तू. डावा पाय हुबेहूब घेतलास. आपल्या आईलाही फरक कळला नसता असा. उजव्याचं काय?”

“उजव्याचं काय?”

“उजवा पोकळ पडतोय. तुझ्या त्या एकेचाळीस पावलांत एक बिचारा लंगडा माणूस चाललाय. अजस्र कुठाय? अगं, डावा घासायचा कारण उजव्याने सगळं वजन आधीच उचललेलं असायचं. सेहेचाळीस वर्षं राबला तो बिचारा, आणि तू त्याच्याकडे कधी कान दिलाच नाहीस. सारखं आपलं डावं, डावं.”

खरं होतं ते. मी भावाची चाल म्हणून जे ऐकत होते, ती माझी चूकच ऐकत होते नुसती. उजवा पाय वाजवत तो चालला, संसार केला, एकतीस वर्षं काम केलं, ते माझ्या कानांवरून नुसतं निघून गेलं होतं.

“तुझा उजवा तर ठीक आहे ना?” मी हळूच विचारलं.

“उजव्याला काय धाड भरलीय?” दादा म्हणाला. मग दोघांच्या डोक्यात एकदमच प्रकाश पडला असावा, कारण आम्ही एकदमच उठलो.

वहिनीला फोन करून परवानगी काढली, कारण तिच्याशिवाय त्या गुडघ्यावर आता कुणाचीच सत्ता नव्हती. ती स्वतःच आली, शिट्टी गळ्यात घालून, आणि दारात स्टूल टाकून बसली. “डावा पाय फक्त टेकायचा,” तिने नवऱ्याला बजावलं. “भार दिलेला दिसला की वाजवलीच.” कानसेनने बाईंना फोनवर घेतलं, त्या ऐकत राहणार होत्या. अजस्रचा उजवा बूट दादाने उजव्या पायात घातला. डावा बूट मी डाव्या पायात घातला, मोजे कोंबून. आतले दोन पाय नुसते, मोज्यांत, मधे टाकलेल्या जाड सतरंजीवर, म्हणजे त्यांचा आवाज नको. मी त्याच्या डाव्या बाजूला उभी राहिले आणि त्याने डावा हात माझ्या खांद्यावर टाकला. सवय असल्यासारखा, नेमक्या त्याच जागी.

“शाळेत उशीर झालाय,” तो माझ्या कानात म्हणाला.

“गप. हसवू नकोस.”

लाल दिवा लागला. पडद्यावर अजस्रने झंझाला खांद्यावर घेतलं. ती पोरगी बेशुद्ध असण्याचाही काय सुरेख अभिनय करते, हात नुसता लोंबतोय पण बोटं मिटलेली, लढाई सोडलेली नाही. नायकाने पहिलं पाऊल उचललं. दादाने उजवा टाकला. धप्प. सगळी खोली त्या पावलात आली. मग मी डावा घासला आणि टेकला. स्स-टक. धप्प, स्स-टक. त्याचा भार माझ्या खांद्यावर येत होता आणि जात होता, आणि मला कधी पाऊल टाकायचं ते बघावंच लागत नव्हतं. पडद्यावर तो नट त्याच्या खांद्यावरच्या ओझ्यासकट चालत होता, दादाकडून उचललेली चाल दादालाच परत देत होता. वीस पावलं झाली तेव्हा मला उजवा पाय नीट ऐकू यायला लागला. काय पाय होता! एका पावलातही कुरकुर नव्हती. तिसाव्या पावलाला माझे डोळे इतके भरले की पडदा दिसेना, तरी एक पाऊल चुकलं नाही. एकेचाळिसावं पडलं आणि अजस्र उजेडात आला.

फोनमधून बाईंचा आवाज आला. “हे कुठे दडवून ठेवलं होतं तुम्ही? दादा, सगळा सिनेमा असाच करा. अगदी असाच. दुसऱ्या कुणाला मी अजून बोलावलेलं नाही, आणि आता बोलावणारही नाही.”

वहिनीने शिट्टी तोंडाला लावली होती, पण वाजवता येईना. शेवटी पदराने नाक पुसून म्हणाली, “भार नाही दिला. पास.”

कानसेन काचेमागून अंगठा दाखवत होता. दादाने हात काही काढला नाही. चालणं संपलेलं, काठी शेजारी, तरी हात माझ्या खांद्यावर तसाच.

“लवंगे, एक विचारू? ती चप्पल तू कशासाठी फेकलीस गं?”

सेहेचाळीस वर्षं मी ती चप्पल उराशी धरून बसले होते. पत्रा आठवत होता, तिचा पट्टा आठवत होता, पण राग कशाचा आला होता, ते काही केल्या आठवेना.

“नाही रे आठवत,” मी म्हटलं. “तुला आठवतंय?”

“मला? चांगलंच.” त्याचं पोट हलायला लागलं होतं. “मी तुला म्हणालो होतो, चालताना फार पाय वाजवतेस.”

मी त्याच्याकडे बघितलं. त्याने माझ्या पायातल्या दीड किलोच्या बुटाकडे बघितलं. मग जे हसत सुटलो आम्ही, ते त्या फरश्या-मिठाच्या चुऱ्यात मटकन बसेपर्यंत. वहिनीने आता मात्र शिट्टी वाजवली, कानसेन ओरडायला लागला की अहो, रेकॉर्डिंग चालू आहे अजून, आणि माझा दादा डोळे पुसत म्हणाला, “चालू दे. हेही ठेव.”